विश्लेषण : ‘लेह बेरी’ला मानांकन मिळाले, झुडपांचे काय?

लडाखच्या सीबकथॉर्न या रानफळाला नोव्हेंबर २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता मागणी वाढेल. पण ती भागवणारी झुडपे जपणार कोण?

हे फळ कोणते?
लडाखमध्ये सिंधूच्या काठाने आणि नुब्रा खोऱ्यात ही काटेरी झुडपे रानोमाळ वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांना केशरी, आंबट फळे लगडतात. बाजारात ती ‘लेह बेरी’ या नावाने ओळखली जातात. त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असते. बिया आणि गर या दोन्हींतून तेल मिळते. सोवा-रिग्पा या हिमालयीन वैद्यकात त्यांचा औषधी वापर जुना आहे. लेहमधील ‘डीआरडीओ’च्या प्रयोगशाळेने या फळांचा टिकाऊ रस तयार केला आणि रानफळाला बाजार मिळाला.

झुडूप का महत्त्वाचे?
लेह परिसरात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा शीत वाळवंटात या झुडपाची मुळे नदीकाठची वाळू धरून ठेवतात. मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. काटेरी फांद्या शेताला कुंपण म्हणून लावतात आणि चुलीतही जाळतात.

लागवड अवघड का?
नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. फळे फक्त मादीला येतात, परागीभवन मात्र वाऱ्याने होते. त्यामुळे बागेत थोडी नर झाडे लागतातच. बियांपासून केलेले रोप नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. म्हणजे काही वर्षे वाट पाहायची आणि मग निम्मी झाडे नर निघायची. म्हणून चांगल्या मादी झाडांच्या छाट कलमांची रोपे गावातच मिळायला हवीत.

धोका कुठे आहे?
काट्यांमुळे फळे हाताने तोडणे कठीण, म्हणून फांद्या काठीने झोडपतात. घाईत फांदीच तोडली, तर पुढच्या हंगामाचे फळ जाते. शिवाय फळ नाशवंत असल्याने प्रक्रिया केंद्र दूर असले की तोडणाऱ्याला मिळेल त्या भावात विकावे लागते.

मानांकन नावाचे रक्षण करते, झुडपाचे नाही. फांदी न तोडणाऱ्याला चांगला भाव, गावाजवळ प्रक्रिया केंद्र आणि पक्ष्यांसाठी थोडी फळे फांदीवरच ठेवण्याचा नियम, एवढे तरी व्हायला हवे. नाही तर बाटलीवर नाव राहील आणि नदीकाठ उघडा पडेल.