औषधनिर्माण शिक्षण : महाविद्यालये वाढली, प्रयोगशाळांचे काय?

नवी दिल्ली : मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक बालकांना उपचारांसाठी नागपूरला हलविण्यात आले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण यंत्रणेने तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्के आहे. त्यानंतरची चर्चा परवाने, निरीक्षक आणि अटका यांभोवती फिरली. कारखान्यातील चाचणी करणारा पदवीधर विद्यापीठातून नेमके काय शिकून येतो, हा प्रश्न मागेच राहिला.

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही गौण नाही. औषध नियम, १९४५ नुसार औषधांचे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली होणे बंधनकारक आहे. त्यासाठीच्या पात्रतांमध्ये फार्मसी किंवा औषधी रसायनशास्त्रातील पदवी आणि त्यानंतर उत्पादनाचा किमान १८ महिन्यांचा अनुभव यांचा समावेश आहे. चाचणी विभागाचा प्रमुख उत्पादन विभागाच्या प्रमुखापासून स्वतंत्र असावा, असेही नियम सांगतात. सदोष औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये कायद्याने या पदवीधराला उभे केले आहे.

धोकाही नवा नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधील याच रसायनाच्या भेसळीमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियातील सुमारे ७० बालकांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या सिरपबाबत इशारा दिला. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे तिन्ही द्रव रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर आहेत. डोळ्यांनी त्यांतील फरक कळत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या चाचणीतून तो स्पष्ट होतो. निर्यातीच्या खोकला-सिरपसाठी सरकारी प्रयोगशाळेतील चाचणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. देशांतर्गत औषधांची भिस्त मात्र प्रामुख्याने उत्पादकाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेवरच राहिली.

भारतातील औषध शिक्षणाचा पाया रसायनशास्त्राचा आहे. प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, तर १९३७ मध्ये बी.फार्म. अभ्यासक्रम आला. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत औषधी रसायनशास्त्र व तंत्रज्ञान ही बी.टेक.ची स्वतंत्र शाखा आहे.

या शिक्षणाला १९७० च्या पेटंट कायद्याने बळ दिले. औषधाच्या रेणूवर पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यामुळे तेच औषध वेगळ्या आणि स्वस्त मार्गाने तयार करू शकणाऱ्या रसायनतज्ज्ञाला मोल आले. डॉ. अंजी रेड्डी यांची वाटचाल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मुंबईच्या याच विभागात पदवी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी., त्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील आयडीपीएलमध्ये अनुभव आणि १९८४ मध्ये स्वतःची कंपनी, असा तो प्रवास होता. विद्यापीठ, संशोधन संस्था आणि कारखाना यांची ती साखळी होती.

पुढील काळात शिक्षणाचा विस्तार झाला, पण ही साखळी सर्वत्र टिकली नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या बी.फार्म. नियमावलीत सेंद्रिय रसायनशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, औषध विश्लेषण आणि औद्योगिक फार्मसी हे विषय आहेत. कागदावर अभ्यासक्रम सकस आहे. मात्र सहाव्या सत्रानंतरचे १५० तासांचे औद्योगिक प्रशिक्षण त्यात ‘इष्ट’ या वर्गात ठेवलेले आहे, अनिवार्य नव्हे. परिणामी उत्पादनाच्या टाकीजवळ कधीही उभे न राहता पदवी मिळवणे शक्य होते.

महाविद्यालयांच्या संख्येला आवर घालण्याचा प्रयत्न न्यायालयात टिकला नाही. कौन्सिलने २०२०-२१ पासून पाच वर्षे नव्या महाविद्यालयांना मान्यता न देण्याचे ठरवले होते. उच्च न्यायालयांनी ही बंदी रद्द केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल कायम ठेवले. शिक्षणसंस्था स्थापण्याच्या मूलभूत हक्कावर प्रशासकीय निर्देशाने मर्यादा घालता येणार नाही. महाविद्यालयांची बेसुमार वाढ रोखणे आवश्यक असू शकते, पण ते कायद्याच्या चौकटीतच करावे लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे आता खरी कसोटी आहे ती तपासणीची. मान्यता देताना इमारत व कागदपत्रांपलीकडे उपकरणे चालू आहेत का आणि विद्यार्थी ती स्वतः हाताळतात का, हे पाहिले जाणे महत्त्वाचे ठरते.

या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. औषध उत्पादनाच्या परिमाणात भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे. पण आयात होणाऱ्या बल्क ड्रगपैकी सुमारे ७० टक्के माल चीनमधून येतो. हे अवलंबित्व कमी करण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन संलग्न प्रोत्साहन योजना आणली. गुजरात, हिमाचल प्रदेश व आंध्र प्रदेशातील बल्क ड्रग पार्कसाठी ३,००० कोटी रुपयांची योजना आखली. कारखान्यांसाठी निधी उभा राहिला आहे. तथापि, ग्रॅममध्ये जमणारी अभिक्रिया टनांमध्ये सुरक्षितपणे घडवून आणणारे मनुष्यबळ अनुदानाने तयार होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत आणि प्रायोगिक संयंत्रावर घालवलेली वर्षे लागतात.

अर्थात, सर्व दोष शिक्षणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डायइथिलीन ग्लायकॉल ओळखणे हे दुर्मीळ कौशल्य नाही. चाचणी करता न येणे आणि ती करूच न देणे यांत फरक आहे. कच्च्या मालाची तपासणी वगळण्याचा आग्रह मालक धरत असेल, तर नोकरीवर नवखा असलेला पदवीधर किती काळ ठाम राहील, हाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मध्ये गुणवत्तेची जबाबदारी अधिक काटेकोरपणे मांडली आहे. मात्र लघु व मध्यम उद्योगांना त्याच्या पूर्ततेसाठी २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ देण्यात आली होती.

तरीही विद्यापीठांच्या हाती बरेच काही आहे. औद्योगिक प्रशिक्षण अनिवार्य करणे, शासकीय औषध प्रयोगशाळांमध्ये विद्यार्थ्यांना कामाची संधी देणे आणि बल्क ड्रग पार्कशी परिसरातील महाविद्यालये जोडणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. जे. जे. रुग्णालयाच्या घटनेपासून छिंदवाड्यापर्यंत जवळपास चार दशकांत रसायन तेच राहिले आणि ते शोधण्याची पद्धतही ज्ञात होती. ती चाचणी सवयीने करणारा आणि तिचा अहवाल प्रतिकूल असताना उत्पादन थांबवणारा पदवीधर घडवणे, हे औषधनिर्माण शिक्षणापुढील तातडीचे काम आहे.