किट नको, अडचण द्या

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६पासून शाळांत उभ्या राहू लागल्या. शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान, लॅबची संख्या १० हजारांच्या घरात. २०२५च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांत सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजार लॅबची घोषणा केली. पैसा आला, थ्रीडी प्रिंटर आले. पण तयार किट सूचनेबरहुकूम जोडून फारतर हात सफाईदार होतो. अभियांत्रिकी शिकायला खरी अडचण लागते, खर्चाची मर्यादा लागते आणि मोजमाप लागते. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मुलांना अडचण शोधत हिंडायला नको. नोव्हेंबरची प्रदूषित हवा वर्गातच असते. पंखा, फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी द्या, ठरलेल्या खर्चात वर्गातले पीएम २.५ (हवेतले सूक्ष्म कण) कमी करायला सांगा. कोपऱ्यात बोटभर फट राहिली की हवा फिल्टरला वळसा घालते आणि कण मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा ढिम्म हलत नाही. चूक शिक्षकाने दाखवायची गरजच उरत नाही.

‘बोर्डाच्या परीक्षेचे काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मात्र २०२०च्या शैक्षणिक धोरणानेच सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. सुरुवातीला तेवढे पुरेत. साधनांची सबब तर टिकतच नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथे गावाची कामेच शिक्षणाचे साधन झाली. तुटवडा आहे तो फसलेला नमुना पाहून न रागावणाऱ्या शिक्षकांचा. नव्या लॅबच्या निधीतला मोठा वाटा त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, आणि गुण फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदवहीलाही मिळावेत.