बगळ्याला नीळ कशाला?

दिवाळी आली की घरोघरी नव्या वर्षाची दिनदर्शिका येते, आणि हल्ली तिच्या आधी मोबाइलवर शुभेच्छाचित्रांचा पाऊस पडतो. त्या चित्रांत एक पाहुणा हमखास असतो: पांढराशुभ्र बगळा. मागे शाईसारखा काळोख, नाहीतर कुठल्याशा परक्या तळ्यावरचे गुलाबी आकाश. आणि बगळा मात्र दोनदा नीळ घातलेल्या धोतरासारखा. माणसे 'वा!' म्हणतात आणि चित्र पुढे धाडतात. या 'वा!'ला माझी हरकत आहे. सणासुदीला वाद घालू नये म्हणतात. पण फराळाच्या ताटात सगळेच गोड कुठे असते?

मी भिवपुरीचा. येथे डोंगराच्या पायथ्याशी टाटांचे वीजघर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आंध्र तलावाचे पाणी १९२२ पासून नळांतून खाली उतरते आणि वीज करते. कामावरून सुटलेले ते पाणी पुढे राजनाल्याने शेतांत जाते. म्हणून आमच्याकडे पावसाळी भातामागून उन्हाळी भातही होतो. 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' या भाताच्या जाती ज्या संशोधन केंद्राने काढल्या, तेही आमच्याच तालुक्यात. जेथे पाणी तेथे चिखल, जेथे चिखल तेथे किडे नि बेडूक, आणि जेथे किडे नि बेडूक तेथे बगळा. सांगावयाचे ते इतकेच की आमचा बगळा आभाळातून पडलेला नाही. तो या खाचरांचा रहिवासी आहे.

आता छायाचित्रावर मागाहून हात फिरवूच नये, असे म्हणण्याइतका मी कर्मठ नाही. कॅमेऱ्याचा डोळा पांढऱ्या रंगाला हमखास फसतो. समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. गर्द हिरव्या भातात एकटा बगळा उभा असला की तो शेताकडे पाहून जास्त प्रकाश घेतो आणि बगळा जळून जातो. संगणकाच्या हिशेबात काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ अशी मोजणी असते. पिसे त्या २५५ ला टेकली की त्यांच्यातले बारकावे गेलेच. ते मग ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाहीत. म्हणून जाणता माणूस मुळातच प्रकाश थोडा कमी घेतो आणि मागाहून सावल्या उजळतो. उलट पांढुरक्या आभाळावर बगळा काळवंडतो, त्याला उजळावे लागते. हे सारे रास्तच आहे. डोळ्याने जे पाहिले ते कागदावर यावे, एवढ्यासाठीच ही खटपट.

माझे भांडण आहे ते डोळ्याने न पाहिलेले आणणाऱ्यांशी. एक तर बगळा म्हणजे नुसता पांढरा, ही समजूतच कच्ची. विणीच्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी-बदामी पिसे येतात. आमचे कारागीर तो मळ समजून धुऊन काढतात! लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, फक्त बोटे पिवळी. त्याच्यामागे काळोख ओतला की चोच आणि पाय त्यात बुडतात आणि बिचारा अधांतरी लोंबकळतो. शिवाय कोवळ्या भातात उभ्या असलेल्या बगळ्याच्या पंखाखाली, पोटाकडच्या बाजूला, शेताची फिकट हिरवी झाक पडते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण येथे अक्षरशः खरी होते. ती झाक म्हणजे शेताने पक्ष्यावर केलेली सही. नीळ घालणारे नेमकी तीच पुसतात.

एका स्पर्धेला मी गायबगळ्याचे चित्र पाठवले होते. शेजारी म्हैस, मागे चिखल, त्यामागे विजेचा खांब. परीक्षकांचा अभिप्राय आला: "पक्षी सुरेख, म्हैस आणि खांब काढून पार्श्वभूमी काळी करावी." अहो, म्हैस चालते तेव्हा तिच्या पायांतून टोळ उडतात, आणि त्यांच्यासाठीच तो तिच्यामागून फिरतो. त्याच्या नावातली गायगुरे काढून टाकली तर त्याच्यापाशी राहिले काय?

यावर उत्तर ठरलेले असते: ही कला आहे, चित्रकार नाही का मागचा देखावा बदलत? जरूर बदलतो. पण चित्रकार 'मी कल्पिले' म्हणतो, छायाचित्रकार 'मी पाहिले' म्हणतो. पहिला कवी आहे, दुसरा साक्षीदार. 'नॅशनल जिऑग्रफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या पानात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले, तेव्हा केवढा गहजब झाला! लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत तर अखेरच्या फेरीत मूळ फाइल तपासायला मागतात. तेथे साक्षीला किंमत आहे. येथे आपण खोट्या साक्षीला बक्षीस देतो.

बगळ्याच्या शुभ्रपणाने त्याचा घात पूर्वीही केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती स्त्रियांच्या टोप्यांवर त्याचे विणीचे तुरे मिरवत. त्यासाठी ऐन विणीत बगळे मारले जात आणि घरट्यांतली पिले उपाशी मरत. हिंदुस्थानातून पिसे बाहेर पाठवण्यावर १९०२ मध्ये बंदी आली. ब्रिटनने आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ मध्ये केला. त्या काळी माणसांनी पिसे घेतली आणि पक्षी टाकला. आज आपण पक्षी घेतो आणि शेत टाकतो.

आणि शेत खरोखरच चालले आहे. नेरळपासून कर्जतपर्यंत खाचरांवर भराव पडत आहेत, प्लॉट आखले जात आहेत, मुंबईकरांची दुसरी घरे उठत आहेत. गंमत अशी की त्या प्लॉटांच्या जाहिरातींतही मी हाच निळीतला बगळा पाहिला आहे! उद्या कोणी विचारील, 'येथे कधी बगळे उतरत होते काय?' तेव्हा पुरावा म्हणून आपण काय दाखवणार? काळ्या पडद्यापुढचा पक्षी? तो भिवपुरीचाही असेल आणि टिंबक्टूचाही. ज्या चित्रात बांध, म्हैस, खांब आणि चिखल आहे, तेच उद्या बोलेल.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत मोबाइलवर असा बगळा उतरला तर 'वा!' म्हणण्याआधी धाडणाऱ्याला एवढेच विचारा: हा उभा कुठे होता? तुमच्या मुलाने सुटीत बगळ्याचे चित्र काढले, तर त्याखाली गावाचे नाव आणि तारीख लिहायला सांगा, आणि म्हशीला चित्रातून हाकलू देऊ नका. नीळ धोतरापुरती असू द्या. बगळा आहे तेवढा पांढरा पुरेसा आहे.