शतकाआधीची जेमिमा

‘पोरीनं दाखवून दिलं, तिच्यात काय दम आहे ते!’ 30 ऑक्टोबर 2025 नंतर वर्सोव्यात, यारी रोडच्या चहाच्या टपऱ्यांपासून मेट्रोच्या डब्यापर्यंत, क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जबद्दल हेच बोललं जात होतं. वाक्य कौतुकाचं आहे, तरी मला ते मान्य नाही. कारण त्याआधी काही दिवस ‘हिला रीलच बनवू द्या, बॅटिंग झेपणार नाही’ हेही इथेच ऐकू येत होतं. शिवी असो की शाबासकी, दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: धावा मोजल्या की माणूस कळतो.

त्या वर्षीच्या महिला विश्वचषकात श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका या दोघांविरुद्ध ती शून्यावर बाद झाली. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिला संघातून वगळलं. मग 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिनं नाबाद 127 केल्या. पण ती 82 वर होती तेव्हाचा क्षण आठवा. चेंडू उंच उडाला, यष्टिरक्षक अलिसा हिली त्याच्याखाली पोचली आणि झेल सुटला. हिलीनं तो पकडला असता आणि आपण हरलो असतो, तर याच टपऱ्यांवर ‘ऐन वेळी कच खाल्ली’ असा निकाल लागला असता. जेमिमा तीच, तिची मेहनत तीच, फक्त दुसऱ्या कुणाच्या हातात चेंडू बसला म्हणून ती भित्री ठरली असती. असल्या मोजमापाला मी माणसाची पारख म्हणणार नाही.

‘अहो, टीका झाली म्हणूनच ती पेटून उठली,’ असं सांगणारेही भेटतात. हे साफ खोटं आहे. सामन्यानंतर ती स्वतःच बोलली: स्पर्धेच्या सुरुवातीला चिंतेनं तिला घेरलं होतं, आईला फोन करून ती रडत राहायची. संघातल्या अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना आणि आपल्या कांदिवलीची राधा यादव यांनी सांभाळून घेतलं, असं तिनं नावं घेऊन सांगितलं. त्या यादीत एकही ट्रोल नाही. 25 वर्षांच्या मुलीला रोज रडू येत असताना बाहेरून दगड मारायचे आणि ती जिंकल्यावर त्याचं श्रेय मागायचं, याचा मला संताप येतो.

आक्षेप घेणारे मग फलंदाज पृथ्वी शॉचं नाव काढतात. वृत्ती नसेल तर गुणवत्ता मातीमोल होते, हे त्यानं दाखवलं की नाही? प्रश्न रास्त आहे. 2013 मध्ये शालेय हॅरिस शिल्ड स्पर्धेत 546, 2018 मध्ये पदार्पणाच्या कसोटीत 134, आणि नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात कुणी घेतलंच नाही. फिटनेस, सरावाला वेळेवर येणं, नेटमधली मेहनत या गोष्टी निवड समितीनं जरूर तपासाव्यात. ते तिचं कामच आहे आणि त्यासाठी तिनं खेळाडूला वगळलं तर माझी तक्रार नाही. पण 14 व्या वर्षी ज्याला आपण खांद्यावर घेऊन नाचवलं, त्याच्या पोटाचे फोटो फिरवून ‘वाया गेलेला’ ठरवणाऱ्यांनी त्याचा एक तरी सराव पाहिला होता का?

तिकीट काढणाऱ्याला बोलायचा हक्क आहेच. फटका चुकला, झेल सोडला, आळशी धाव घेतली, खुशाल बोला, कडक बोला. पण जेमिमाच्या धर्मावर, हसण्यावर, गिटारवर घसरता तेव्हा ती खेळाची टीका उरत नाही. वर्सोव्याला हे वेगळं सांगावं लागू नये. आरामनगरच्या बंगल्यांबाहेर ऑडिशनसाठी ताटकळणारी पोरं आपण रोज पाहतो. संध्याकाळी नकार घेऊन परतणाऱ्या मुलाला त्याचा घरमालकसुद्धा ‘तुझ्यात दमच नाही’ म्हणत नाही. नकार त्या भूमिकेपुरता असतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. एवढी समज मैदानावरच्या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

जेमिमाची वृत्ती मला त्या शतकाबाहेर दिसते. इंदूरचा सामना हुकल्यावर पुन्हा संधी मिळाली, तेव्हा न्यूझीलंडविरुद्ध तिनं नाबाद 76 काढल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध शंभरी गाठल्यावर तिनं जल्लोष केला नाही, कारण सामना अजून जिंकायचा होता. आणि विश्वचषक हाती आल्यावर, नोव्हेंबरमध्येच, मैत्रीण स्मृतीच्या कठीण काळात तिच्यासोबत राहायला तिनं ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळायचे उरलेले सामने सोडून दिले. तिला जोखायचंच असेल तर या गोष्टींवरून जोखा. आणि पुढच्या वेळी ती शून्यावर बाद झाली, तर फक्त फटका चुकला म्हणा.