दुसरी खुर्ची कोणाची?

संसार हा दोन चाकांचा रथ आहे, हे वाक्य आपण लग्नपत्रिकेपासून निबंधाच्या वहीपर्यंत इतक्या वेळा वाचले आहे की, त्यातला ‘दोन’ हा आकडा आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या तो ध्यानात आला गेल्या उन्हाळ्यात, आणि तोही एका खेळाच्या यंत्रामुळे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या दादाचे लग्न होऊन तेव्हा वर्ष होत आले होते. दोघांनाही खेळांची आवड. दिवाळीच्या बोनसमध्ये पदरची भर घालून दादाने खास खेळांसाठी म्हणून एक चांगला संगणक जुळवून घेतला होता. “आता आपण दोघे मिळून खेळायचं,” असे त्याने वहिनीला मोठ्या उत्साहाने सांगितले. संगणक आला, टेबल आले, पाठीला आधार देणारी खुर्ची आली. खुर्ची अर्थातच एक. पहिल्या रात्री वहिनी स्वयंपाकघरातले स्टूल घेऊन शेजारी बसली. दहा मिनिटे तिच्या हाती माउस आला. “अगं डावीकडे, डावीकडे!” म्हणता म्हणता तो पुन्हा दादाच्या हाती गेला. आठ दिवसांनी स्टूल स्वयंपाकघरात परतले. दादाला यात काही वावगे वाटले नाही. वहिनी त्याच खोलीत होती, मधूनच “अहो, जिंकलात का?” असे विचारत होती. म्हणजे आपण बरोबरच खेळतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मे महिन्यात माळा आवरताना आमचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. पिवळी पडलेली पेटी, कॅसेट, आणि तिला वायरीने जोडलेले दोन रिमोट. टीव्हीला लावून पाहिला, तर चक्क चालू झाला! त्यात ‘बॅटल सिटी’ हा १९८५ सालचा जपानी खेळ होता. आम्ही मुले त्याला नुसते ‘टँक’ म्हणायचो. पिवळा रणगाडा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. दोघांनी मिळून विटांच्या कोटात बसवलेला गरुड राखायचा. जोडीदाराला चुकून गोळी लागली तर त्याचा रणगाडा क्षणभर जागच्या जागी थिजतो. आणि गंमत म्हणजे गरुड शत्रूच्याच गोळीने पडतो असे नाही. आपली गोळी लागली तरी पडतो! वहिनीने हिरवा रणगाडा घेतला. चौथ्या दिवसापासून कोट सांभाळायचे काम दादाने आपण होऊन तिच्यावर सोपवले. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन, घरात सगळे पंख्याखाली, आणि हे दोघे एकमेकांवर ओरडत खेळताहेत. त्यांना एवढे मोठ्याने हसताना मी तोवर ऐकले नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. हजारो रुपयांच्या नव्या यंत्राला जे साधले नाही, ते माळ्यावरच्या जुन्या पेटीला कसे साधले? मला उत्तर एवढेच दिसते की, त्या पेटीबरोबर दुसरा रिमोट आला होता.

नवरा-बायकोने मिळून खेळणे ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. आपल्या लग्नात हळदीच्या पाण्यात अंगठी शोधतात, मुठीतली सुपारी सोडवतात. कालपर्यंत परक्या असलेल्या दोन माणसांची भीड मोडावी, हाच त्यामागचा हेतू. आणि आपल्या बाळ्याच्या खंडोबाला जाणाऱ्याला सारीपाटाची कथा सांगायला नको. बारा वर्षांच्या वनवासाचा पण लावून खंडोबा म्हाळसेशी खेळला, हरला, आणि चंदनपुरीला बाणाईच्या मेंढ्या राखायला गेला, असे लोककथा सांगते. तो मुद्दाम हरला असेही काही जण म्हणतात. ते क्षणभर बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, म्हाळसा पटाच्या समोरच्या बाजूला बसली होती. ती देवाच्या मागे उभी राहून सोंगट्या पाहत नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिळून खेळणाऱ्या जोडप्याने टीव्हीला लावायचे कन्सोल घ्यावे की संगणक? जाणकार मंडळी चित्राचा स्पष्टपणा, वेग, साठवण यांचे हिशेब मांडतात. संगणकाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो अभ्यासाला आणि नोकरीच्या कामाला येतो, त्याचे खेळ सवलतीत स्वस्त मिळतात, आणि इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी सहसा वेगळी वर्गणी पडत नाही. कन्सोलवर विकतच्या बहुतेक खेळांसाठी ती भरावी लागते. शिवाय प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढे मोजून खोक्यात कंट्रोलर किती? एक! आमच्या जुन्या पेटीचा दिलदारपणा नव्याने कुठे सोडला, ते इथे कळते. याला अपवादही आहे. २०१७ साली निघालेल्या निन्टेंडो स्विचच्या दोन्ही कडांचे तुकडे सुटे होतात आणि दोघांच्या हाती एकेक देता येतो.

हे सारे मान्य करूनही, एका छपराखाली राहणाऱ्या जोडप्यासाठी मी कन्सोलच्याच बाजूने कौल देईन. कारण यंत्रात नाही, बसण्यात आहे. संगणक हे मुळात एका माणसाचे टेबल आहे. त्यावर कचेरीचे काम येते, आणि ज्याचे काम त्याची खुर्ची, हे घरात न बोलता ठरून जाते. टीव्हीसमोर सतरंजी असते; तिला पहिली-दुसरी जागा नसते. संगणकाला दोन कंट्रोलर जोडून तोच टीव्हीला लावता येतो हे खरे, आणि ज्यांच्या घरी तो आहेच त्यांनी तसे जरूर करावे. नव्या खर्चाचे कारण नाही. पण तसे केले म्हणजे आपण संगणकाचे कन्सोलच केले, नाही का?

यावर कोणी म्हणेल, कन्सोल बैठकीच्या खोलीत. तिथे सासू-सासरे, पाहुणे, शेजारची मुले. सुनेच्या हाती रिमोट येणार कधी? हा आक्षेप खरा आहे. बाईचा रिकामा वेळ अजूनही आपल्याकडे कोणाच्या हिशेबात नसतो. तो स्वयंपाक, धुणे आणि नळाचे पाणी यांतून उरला तर तिचा. सोलापूरच्या पूर्वभागात हातमाग घरोघर होते, तेव्हा मागावर पुरुष बसे आणि त्याच्यासाठी कांड्या भरायला घरातली बाई. कापड दोघांचे, पण विणकर म्हणायचे एकालाच. खेळातही हेच चालायचे असेल, तर कन्सोल घ्या नाहीतर संगणक, दोन्ही सारखेच. मात्र आमच्या घरी मी एक पाहिले. आईने प्रथम नाक मुरडले. पण वहिनी उघड्यावर, सर्वांदेखत खेळू लागली तेव्हा आठवड्याभरात त्याची सवय झाली. पुढे आईच “कोट पडला का गं?” असे विचारू लागली. बंद खोलीतल्या संगणकाने ही सवय कधीच लावली नसती.

माझ्या मताला एक मोठा अपवाद आहे, आणि तो सोलापुरात घरोघर आहे. नोकरी पुण्यात, घर सोलापुरात. सोमवारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस अशा नवऱ्यांनी भरलेली असते. पावसाळ्यात दादाचीही बदली झाली. आता टीव्हीसमोरची सतरंजी काय कामाची? इथे संगणकाला पर्याय नाही. २०१९ पासून ‘स्टीम’वर अशी सोय आहे की, एका पडद्यावर दोघांनी खेळायचा खेळ एकाने सुरू करावा आणि दुसऱ्याने दुसऱ्या गावाहून त्यात भाग घ्यावा. २०२१ साली वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरलेला ‘इट टेक्स टू’ तर एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे जोडपे बाहुल्या होते आणि एकमेकांच्या मदतीवाचून त्यांचे पाऊलही पुढे पडत नाही, अशी त्याची कथा. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला तो वेगळा घ्यावा लागत नाही. त्याच्या कर्त्यांनी दोघांना खरोखरच दोन मानले आहे.

तेव्हा खरेदीला निघालेल्या जोडप्यांना माझे एवढेच सांगणे आहे. दुकानात यंत्राचा वेग विचारण्याआधी दुसऱ्या कंट्रोलरची किंमत विचारा आणि ती खर्चात पहिली धरा. पैसे कमी पडत असतील तर यंत्र हलके घ्या, जुने घ्या; पण कंट्रोलर दोन घ्या.

सध्या आमच्या घरी रात्री साडेनऊला ओटा पुसून झाला की वहिनी त्या टेबलाशी जाते आणि तिकडे पुण्याच्या खोलीवर दादा लॅपटॉप उघडतो. कानाला लावलेल्या यंत्रातून “अहो, डावीकडे, डावीकडे!” असे तिचे शब्द ऐकू येतात. पाठीला आधार देणारी ती खुर्ची आता तिची आहे. दादा रविवारी आला की टीव्ही लागतो, आणि मला माझी मालिका सोडावी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

— तृतीय वर्ष, कला