चौदाव्या वर्षाचें माप

सायंकाळीं शाळेच्या मैदानावर मुलें फुटबॉलसाठीं दोन पक्ष पाडूं लागलीं म्हणजे एक गोष्ट नेहमीं आमच्या दृष्टीस पडते. चपळ मुलें पुढें खेळावयास जातात, धट्टींकट्टीं मागची बाजू सांभाळतात, आणि जो कोणाच्याच उपयोगाचा नाहीं असें ठरतें त्याला गोलांत उभें करितात. गोल झाला कीं सारे त्यालाच दोष देतात. गोल वांचला तर कोणास त्याची आठवणही राहत नाहीं. हें पाहून आम्हांस इटलीच्या एका गोलरक्षकाचें चरित्र आठवतें. तें विद्यार्थ्यांनीं वाचावेंच. परंतु पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं त्याचें अधिक मनन करावें, असें आमचें मत आहे.

दिनो झोफ याचा जन्म २८ फेब्रुवारी १९४२ रोजीं ईशान्य इटलींतील फ्रिउली प्रांतांत, मारियानो नांवाच्या लहानशा गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. चौदा वर्षांचा असतां तो दोन नामांकित क्लबांकडे परीक्षेसाठीं गेला. एक मिलान शहरांतील इंटर, दुसरा तुरीन शहरांतील युव्हेंतुस. दोघांनींही त्याला परत पाठविलें. कारण एकच, उंची कमी. परीक्षकांचें माप खोटें नव्हतें. मुलगा खरोखरच ठेंगणा होता. त्यांची चूक इतकीच कीं, आज जें माप भरलें तेंच उद्यांही भरेल, असें त्यांनीं गृहीत धरिलें.

घरीं आजी होती. तिनें नातवास रोज आठ अंडीं खाऊं घालण्याचा क्रम सुरू केला, असें सांगतात. आणि पुढील पांच वर्षांत त्याची उंची ३३ सेंटिमीटरांनीं वाढली. यांत अंड्यांचा गुण किती व वयाचा किती, हें वैद्यांनीं ठरवावें. आमच्या मतें, जगानें नाकारलेल्या मुलासाठीं रोज सकाळीं कोणी तरी चुलीपाशीं उभें राहत होतें, हेंच मोठें औषध होय.

वडिलांची रीत निराळी. खेळावर पोट भरेलच असा भरंवसा नाहीं, म्हणून हातीं एखादा धंदा असावा, असें त्यांचें म्हणणें; आणि मुलानें त्याप्रमाणें मोटारदुरुस्तीचें काम शिकून घेतलें. आशा आणि हातचें काम यांत वैर नाहीं, हें येथें ध्यानांत घ्यावें. याच वडिलांची एक आठवण सांगतात. एक गोल कां झाला असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां समोरचा खेळाडू तेथून चेंडू मारील असें वाटलें नाहीं, असें मुलानें उत्तर दिलें. त्यावर वडील म्हणाले, “कां बरें? तुझा धंदा औषधें विकण्याचा आहे काय?” प्रेम असावें, परंतु सबबी ऐकून घेणारें नसावें, हा धडा या एका प्रश्नांत आहे.

२४ सप्टेंबर १९६१ रोजीं उदिनेसे संघाकडून झोफ इटलीच्या वरिष्ठ विभागांत प्रथम खेळला. त्या दिवशीं फिओरेंतिना संघानें त्याच्यावर पांच गोल केले आणि सामना ५–२ असा गेला. हंगामाच्या अखेरीस उदिनेसे संघ खालच्या विभागांत ढकलला गेला. एकोणीस वर्षांच्या मुलास याहून वाईट आरंभ तो कोणता? परंतु तो थांबला नाहीं. १९६३ सालीं तो मांतोव्हा संघांत गेला, १९६७ सालीं नापोलींत. एप्रिल १९६८ मध्यें राष्ट्राच्या संघांत त्याला प्रथम स्थान मिळालें, आणि त्याच वर्षीं इटलीनें युरोपचें अजिंक्यपद जिंकिलें. १९७२ सालीं युव्हेंतुसनें, म्हणजे ज्यानें त्याला ठेंगणा म्हणून परत धाडिलें होतें त्याच क्लबानें, त्याला आपल्याकडे घेतलें. तेथें तो अकरा वर्षें राहिला आणि संघानें सहा वेळां इटलीचें विजेतेपद मिळविलें. सप्टेंबर १९७२ पासून जून १९७४ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग १,१४२ मिनिटें त्याच्या गोलांत एकही चेंडू गेला नाहीं. शेवटीं तो विक्रम मोडला, तोही हैती या लहानशा देशाच्या सानों नांवाच्या खेळाडूनें.

मात्र लोकांची स्मृति कृतज्ञ नसते. १९७८ च्या जागतिक स्पर्धेंत हॉलंड व ब्राझील यांनीं त्याच्यावर दुरून मारलेले गोल झाले. इटलीस चौथ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. झोफ तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. त्याची दृष्टि अधू झाली, आतां त्यानें निवृत्त व्हावें, अशी टीका झाली. चौदाव्या वर्षीं उंची उणी, छत्तिसाव्या वर्षीं दृष्टि उणी. माप घेणाऱ्यांस फीत कोठें तरी लावावयाचीच असते.

चार वर्षांनीं, ५ जुलै १९८२ रोजीं, बार्सेलोना येथें इटली व ब्राझील यांचा सामना झाला. इटली ३–२ अशी पुढें होती. परंतु बरोबरी झाली असती तरी पुढील फेरींत ब्राझीलच गेला असता. अखेरच्या क्षणांत ऑस्कर या ब्राझीलच्या खेळाडूनें डोक्यानें चेंडू गोलाकडे लोटला. चाळीस वर्षांच्या झोफनें झेप घेऊन तो अगदीं रेषेवर जमिनीशीं दाबून धरिला. ब्राझीलचे खेळाडू गोल झाला म्हणून हात उंचावूं लागले. पण चेंडू रेषेपलीकडे गेला नव्हता. सहा दिवसांनीं माद्रिद येथें पश्चिम जर्मनीस ३–१ असें हरवून इटलीनें जगज्जेतेपद मिळविलें, आणि संघनायक या नात्यानें तो करंडक झोफनें उचलला. पुढें इटलीच्या टपाल तिकिटावर करंडक उचललेले त्याचे हात चित्रकार गुत्तूसो यांनीं रेखाटले. १९८३ सालीं तो खेळांतून निवृत्त झाला, तेव्हां देशासाठीं त्याचे ११२ सामने झाले होते.

नाकारलेला प्रत्येक मुलगा झोफ होईल, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें सांगणें म्हणजे मुलांची फसवणूक होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, चौदाव्या वर्षीं कोणता मुलगा काय होईल हें आम्हांस कळत नाहीं, आणि तें कळतें असा आव आम्हीं आणूं नये. हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्हीं “गणितांत गति नाहीं” असा शेरा लिहिला होता. वडिलांनीं तो वाचून मुलास शाळेंतून काढिलें. शेरा त्या वर्षापुरता खरा होता; परंतु “अद्यापि” हा एक शब्द लिहावयाचा राहिला, याची रुखरुख आम्हांस अजून आहे. परमेश्वरानें ज्या जीवाची वाढ अजून संपविली नाहीं, त्याच्यावर अखेरचा शिक्का मारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

पालकहो, निकालपत्रक हातीं आलें म्हणजे तें आजचें माप आहे, हें विसरूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां मैदानावर पक्ष पाडाल तेव्हां गोलांत उभ्या राहणाऱ्याला सर्वांच्या शेवटीं निवडूं नका; आणि त्यानें गोल वांचविला, तर त्याच्या पाठीवर थाप द्यावयास विसरूं नका.