अकरा जणींचा संघ

1898 साली बाझेल येथे भरलेल्या दुसऱ्या झायोनिस्ट अधिवेशनात मॅक्स नॉर्दाऊ यांनी ज्यू समाजाला बलोपासनेची हाक दिली. शतकानुशतकांच्या छळाने वाकलेली समाजाची पाठ व्यायामशाळेतच ताठ होईल, ही त्यांची धारणा होती. त्याच विचारधारेतून 1932 साली तेल अवीव येथे पहिली मॅकाबिया क्रीडास्पर्धा भरली. 1935 च्या दुसऱ्या स्पर्धेसाठी युरोपातून आलेले अनेक खेळाडू हिटलरच्या सावटाखाली परत न जाता तेथेच स्थायिक झाले.

या बलोपासनेत स्त्रिया मागे नव्हत्या. व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबची जलतरणपटू जुडिथ डॉइच हिने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये उतरण्यास नकार दिला. ऑस्ट्रियाने तिचे विक्रम रद्द केले, तरी ती ठाम राहिली.

परंतु तलावात एकटीला उतरता येते. फुटबॉलला अकरा जणी लागतात. हा खेळ स्त्रियांच्या वाट्याला सर्वत्रच उशिरा आला. इंग्लंडमध्ये 1921 पासून अर्धशतक त्यांना संघटनेच्या मैदानांवर बंदी होती. ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा समावेश झाला तो 1996 साली.

मॅकाबियापुढील अडचण निराळी आहे. जगातील सुमारे दीड कोटी ज्यूंपैकी चार-पंचमांशांहून अधिक इस्रायल आणि अमेरिका या दोनच देशांत राहतात. इतरत्र विखुरलेल्या लहान समाजांना राखीव खेळाडूंसह मुलींचा संघ उभा करणे सोपे नाही. प्रवासखर्चाचा भारही बहुधा कुटुंबांवर आणि देणगीदारांवर पडतो. अशा वेळी कात्री प्रथम मुलींच्या संघाला लावण्याचा मोह होतो. हा मोह आत्मघातकी होय.

या सामन्यांचा दर्जा विश्वचषकाचा नसतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. पण मॅकाबियाचे प्रयोजन केवळ पदके नव्हे. दूरदेशीच्या मुलींना आपण एका समाजाच्या आहोत, ही जाणीव एकत्र खेळून, एकत्र राहून होते. जुलै 2025 ची नियोजित मॅकाबिया इराणशी झालेल्या संघर्षामुळे 2026 वर ढकलावी लागली. ती रद्द मात्र करण्यात आली नाही. हीच चिकाटी मुलींच्या संघांच्या बाबतीतही दिसली पाहिजे. मुलींना मैदानाबाहेर ठेवून उभारलेले समाजाचे बळ अर्धेच राहील.